कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन आणि यू-६८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्री लढाईबद्दल बोलताना मुंबईहून निघालेल्या ‘सिटी ऑफ कैरो’ जहाजाचा विषय निघाला, की तेच ते प्रश्न येतात. जहाज बुडवणारा कप्तान कोण, तो खरंच ‘सॉरी’ म्हणाला का, आणि जहाजावरचे आपले चांदीचे रुपये गेले कुठे? उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा मेर्टेन नेमका कोण?

कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन हा जर्मन नौदलातला पाणबुडी कमांडर; ‘सिटी ऑफ कैरो’ बुडवणारा तो हाच. जन्म १५ ऑगस्ट १९०५, पोझेनमध्ये. हे शहर तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि नकाशावर पोझनान म्हणून सापडतं. १९४१ च्या फेब्रुवारीपासून १९४३ च्या जानेवारीपर्यंत यू-६८ ही पाणबुडी त्याच्या हाती होती. पाच मोहिमांत त्याने २७ जहाजं बुडवली. मृत्यू १९९३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. जर्मन पाणबुड्यांवरची बहुतेक माणसं तिशीही गाठू शकली नाहीत, हे लक्षात घेतलं तर त्याच्या आयुष्यातली सर्वांत नवलाची गोष्ट हे वयच म्हणायला हवं.

२. पाणबुडीत तो सुरुवातीपासून होता का?

नाही, बराच उशिरा आला. नौदलात तो १९२६ साली भरती झाला आणि पुढची चौदा वर्षं पाण्यावरच्या जहाजांवर काढली: टॉर्पेडो बोटी, हलक्या क्रूझर (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका), कॅडेटांचं शिक्षण. पाणबुडी दलात तो १९४० मध्ये गेला. आधी हाइनरिश लीबे या मुरलेल्या कमांडरच्या यू-३८ वर त्याने उमेदवारी केली आणि मग स्वतःची बोट मिळाली. तेव्हा तो पस्तिशीचा होता. पंचवीस-सत्तावीस वर्षांची पोरं कमांडर होत होती त्या काळात पस्तीस म्हणजे म्हाताराच. पण दूरच्या, तीन-तीन महिन्यांच्या मोहिमांना अशी थंड डोक्याची माणसं हवीच असत.

३. यू-६८ कशी होती? सिनेमात दाखवतात तशी?

सिनेमात बहुतेक वेळा दिसते ती लहान, सातव्या प्रकारची पाणबुडी. यू-६८ ही ‘नऊ-सी’ प्रकारची, ब्रेमेनच्या गोदीत बांधलेली. लांबी सुमारे ७६ मीटर, माणसं पन्नासच्या आसपास, टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायची स्फोटक अस्त्रं) २२ आणि डेकवर १०.५ सेंटीमीटरची तोफ. बेताच्या वेगाने ती तेरा हजारांहून जास्त सागरी मैल जाऊ शके, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघून केप टाउनला जाऊन यायची तिची ताकद होती. वाटेत इंधन मिळालं तर आणखीच बरं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘पाणबुडी’ म्हटलं तरी ही बोट बहुतेक वेळ पाण्यावरच चाले. वर डिझेल इंजिनावर १८ नॉटपर्यंतचा (ताशी १८ सागरी मैल) वेग, पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम सात, आणि तोही फार वेळ नाही. दिवसा धूर शोधायचा, रात्र झाली की वर येऊन गाठायचं, अशी सगळी रीत.

४. एक लाख सत्तर हजार टन म्हणजे एवढं लोखंड बुडवलं का?

मेर्टेनच्या नावावरचा आकडा १,७०,१५१ टन असा दिला जातो. पण हे वजन नव्हे. ते ‘ग्रॉस रजिस्टर टन’ आहेत आणि असा एक टन म्हणजे जहाजाच्या आतली शंभर घनफूट जागा. व्यापारी जहाजं अशीच मोजत. युद्धनौकांचं मात्र खरोखरचं वजन मोजत. दोन्ही आकडे एकात मिसळले की कोष्टकं चुकतात, आणि इंटरनेटवरची अर्धी कोष्टकं अशीच चुकलेली आहेत. शिवाय कमांडरने केलेला दावा आणि युद्धानंतर पडताळलेला आकडा यांत फरक असतो. अंधारात, लाटांवर डुलत, दुर्बिणीतून जहाजाचा आकार ठरवायचा म्हटलं की माणूस जरा मोठाच आकडा लिहितो.

५. सेंट हेलेनाच्या बंदरात जाऊन त्याने जहाज बुडवलं होतं, हे खरं का?

खरं आहे. नेपोलियनला ठेवलं होतं तेच हे बेट. २२ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री यू-६८ ने जेम्सटाउनसमोर नांगरलेलं ‘डार्कडेल’ हे ब्रिटिश नौदलाचं तेलवाहू जहाज टॉर्पेडोंनी उडवलं. ४१ माणसं गेली. जहाजाचा सांगाडा अजून तिथेच तळाशी आहे. त्यातून तेल गळू लागल्यामुळे सत्तरहून जास्त वर्षांनी ब्रिटिश सरकारला ते उपसून काढावं लागलं.

या बेटाचं नाव लक्षात ठेवा. वर्षभराने मेर्टेनने ‘सिटी ऑफ कैरो’च्या लोकांना वाट दाखवली ती याच बेटाची (प्रश्न १०).

६. जर्मनांची गुप्त लिपी फुटली आहे, असा संशय त्याला आला होता म्हणे?

आला होता, आणि तो अगदी बरोबर होता. पण कोणी ऐकलं नाही.

झालं असं. सप्टेंबर १९४१ च्या शेवटी केप व्हर्दे बेटांपैकी सांतो आंताव बेटावरच्या तराफाल उपसागरात यू-६८ आणि यू-१११ भेटल्या. यू-१११ घरी निघाली होती, तिच्याकडचे उरलेले टॉर्पेडो यू-६८ ने घ्यायचे होते. ही जागा कुठल्याही वाटेवर नाही. कोरडे डोंगर, चार झोपड्या आणि रात्रीचा शांत उपसागर. तिथे नेमक्या त्याच रात्री ‘क्लाइड’ ही ब्रिटिश पाणबुडी दबा धरून बसली होती. तिने यू-६८ वर टॉर्पेडो सोडले, नेम चुकला आणि ते किनाऱ्यावर जाऊन फुटले. त्यानंतर भेटीला आलेली तिसरी जर्मन पाणबुडी, यू-६७, अंधारात ‘क्लाइड’लाच धडकली. मेर्टेन निसटला. यू-१११ मात्र आठवड्याभरातच, ४ ऑक्टोबरला, कॅनरी बेटांजवळ एका सशस्त्र मासेमारी जहाजाकडून बुडवली गेली.

मेर्टेनने सरळ हिशेब मांडला. भेटीची जागा आणि वेळ फक्त सांकेतिक संदेशांत होती, तरी शत्रू तिथे हजर होता, म्हणजे संदेश वाचले जात आहेत. त्याने तसं वर कळवलं. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला, की लिपी सुरक्षित आहे. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला एनिग्मा यंत्राचे नौदल संदेश उलगडले जात होते. आपलं यंत्र अभेद्य आहे असं एकदा मानलं की घडलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘योगायोग’ हे नाव देता येतं. जर्मन मुख्यालयाने ते युद्ध संपेपर्यंत दिलं.

७. ‘अटलांटिस’च्या माणसांना वाचवणारा तो हाच का?

त्या सुटकेतला एक, एकटा नव्हे. ‘अटलांटिस’ हे व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन फिरणारं जर्मन लढाऊ जहाज. ब्रिटिश क्रूझर ‘डेव्हनशायर’ने ते २२ नोव्हेंबर १९४१ ला बुडवलं. वाचलेल्यांना ‘पायथन’ नावाच्या पुरवठा जहाजावर घेतलं. १ डिसेंबरला पायथनकडून मेर्टेन इंधन आणि टॉर्पेडो घेत असताना ‘डॉर्सेटशायर’ ही क्रूझर उगवली. यू-६८ ने घाईने बुडी मारली, पण अर्धवट भरलेल्या बोटीचा तोल सावरता सावरता हल्ल्याची वेळ निघून गेली. पायथनच्या लोकांनी आपलं जहाज आपणच बुडवलं.

आता चारशेहून जास्त माणसं दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर. काही पाणबुड्यांच्या आत कोंबलेली, काही डेकवर, बाकीची दोराने ओढल्या जाणाऱ्या होड्यांत. यू-६८ सोबत आणखी तीन जर्मन आणि चार इटालियन पाणबुड्यांनी मिळून त्यांना हजारो मैलांवर फ्रान्सच्या किनाऱ्यावर नेलं. डिसेंबर संपायच्या आत सगळे पोचले.

ही माणसं आपल्याच नौदलाची होती, हे विसरू नका. प्रश्न १२ वाचताना ते आठवावं लागेल.

८. केप टाउनजवळ काय घडलं?

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘आइसबेअर’ (ध्रुवीय अस्वल) नावाचा पाणबुड्यांचा गट दक्षिण आफ्रिकेकडे निघाला. यू-६८ त्यात होती. तिथे तोपर्यंत जर्मन पाणबुड्यांचा त्रास नव्हता, त्यामुळे जहाजं निर्धास्त होती. ८ आणि ९ ऑक्टोबर या दोन दिवसांत मेर्टेनने सहा जहाजं बुडवली. परतीच्या वाटेवर त्याला सिटी ऑफ कैरो दिसलं.

९. मुंबईहून इंग्लंडला जाणारं जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये कसं?

कारण सुएझची वाट असून नसल्यासारखी होती. भूमध्य समुद्रात इटालियन आणि जर्मन विमानं होती, म्हणून व्यापारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात. ‘सिटी ऑफ कैरो’ हे एलरमन कंपनीचं १९१५ साली बांधलेलं, आठ हजार टनांचं जहाज. ऑक्टोबर १९४२ च्या सुरुवातीला ते मुंबईहून निघालं, दरबान आणि केप टाउन करून १ नोव्हेंबरला ब्राझीलच्या पेर्नांबुकोकडे वळलं. सोबत काफिला नाही, संरक्षणाला युद्धनौका नाही. वेग बारा नॉट, आणि जुन्या बॉयलरमधून दुरून दिसेल असा काळा धूर. पोटात कापूस, लोकर, लाकूड, बिडाचे ठोकळे, मँगनीज आणि चांदीच्या रुपयांच्या २,००० पेट्या (प्रश्न १६). प्रवासी, गोरे अधिकारी आणि भारतीय खलाशी मिळून सुमारे तीनशे माणसं. प्रवाशांत बायका-मुलंही बरीच होती.

६ नोव्हेंबरला रात्री साडेआठच्या सुमारास पहिला टॉर्पेडो लागला. जहाज लगेच बुडालं नाही, लोक होड्यांत उतरू लागले. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा टॉर्पेडो आला आणि जहाज मागच्या बाजूने खाली गेलं. या सगळ्या गोंधळात मेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. खरं मरण पुढे होतं.

१०. तो खरंच ‘सॉरी’ म्हणाला का?

हो. वाचलेल्या अनेकांनी ते सांगितलं आहे. पाणबुडी होड्यांजवळ वर आली. मेर्टेनने जहाजाचं नाव आणि माल विचारला आणि जवळची जमीन सांगितली: ब्राझील दोन हजार मैल, आफ्रिका हजार मैल, सेंट हेलेना पाचशे मैल. आणि मग इंग्रजीत म्हणाला, ‘शुभ रात्री. तुम्हाला बुडवल्याबद्दल माफ करा.’ बोट अंधारात निघून गेली.

हे वाक्य इतकं गाजलं की जहाजाची सगळी कहाणी त्याच्याच नावाने ओळखली जाते. मला त्याचा जरा रागच येतो. वाक्य सभ्य आहे, त्यात वाद नाही. शिव्या देऊन किंवा मशीनगन चालवून जाण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण त्या एका वाक्यावर कप्तान ‘सज्जन शत्रू’ म्हणून अजरामर झाला आणि ज्यांना ते ऐकवलं गेलं त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत. पाचशे मैलांवरचं, दहा मैल लांबीचं बेट उघड्या होडीतून शोधून काढा असं सांगणं हा सल्ला होता, मदत नव्हती.

११. मग होड्यांतल्या लोकांचं पुढे काय झालं?

सहा होड्या. शक्यतो एकत्र राहायचं आणि उत्तरेला सेंट हेलेनाकडे जायचं, असं बुडालेल्या जहाजाचा कप्तान रॉजरसन याने ठरवलं. पाणी घोटाघोटाने मोजून द्यायचं. दिवसा वरून विषुववृत्ताकडचं ऊन, रात्री अंगावर येणारा थंड फवारा. होड्यांचे वेग वेगवेगळे, शिडं तोकडी, काही गळत होत्या. थोड्याच दिवसांत ताफा पांगला.

तेरा दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, ‘क्लॅन अल्पाइन’ या जहाजाला सेंट हेलेनाच्या आसपास काही होड्या दिसल्या. त्यातल्या सुमारे दीडशे लोकांना त्याने बेटावर पोचवलं. तिथल्या इस्पितळातही काही जण दगावले. ‘बेंडोरन’ जहाजाने आणखी ४७ जणांना उचलून केप टाउनला नेलं. उरल्या दोन होड्या, आणि त्यांच्या कथा ऐकताना माणूस गप्प होतो.

एका होडीत पन्नासहून जास्त माणसं होती. बेट चुकलं. एकेक करत माणसं गेली. १२ डिसेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, एका जहाजाने त्यांना पाहिलं. ते निघालं जर्मन, नाकेबंदी चुकवून फ्रान्सला जाणारं ‘राकोटिस’. होडीत तेव्हा तिघंच जिवंत होती: सुकाण्या अँगस मॅकडोनल्ड, जॅक एडमीड आणि डायना जार्मन ही तरुणी. डायनाने होडीत शेवटपर्यंत इतरांना धीर दिला होता. जहाजावर उपचार होऊनही ती काही दिवसांतच गेली. मग १ जानेवारी १९४३ ला स्पेनजवळ ब्रिटिश क्रूझर ‘सिला’ने राकोटिसच बुडवलं. दोघे पुन्हा होडीत! एडमीडची होडी स्पेनला लागली. मॅकडोनल्डच्या होडीतल्यांना यू-४१० ने उचललं आणि सेंट नाझेरला उतरवलं. म्हणजे एका जर्मन पाणबुडीने त्याला पाण्यात ढकललं, जर्मन जहाजाने उचललं, त्याच्याच देशाच्या क्रूझरने पुन्हा पाण्यात ढकललं आणि दुसऱ्या जर्मन पाणबुडीने वर काढलं. युद्ध संपेपर्यंत तो युद्धकैदी होता.

दुसऱ्या होडीत १७ जण होते. बेट चुकलंच आहे तर वाऱ्याबरोबर ब्राझील गाठू, असं त्यांनी ठरवलं. एक्कावन्नाव्या दिवशी, २७ डिसेंबरला, ब्राझीलच्या नौदलाच्या ‘काराव्हेलास’ने त्यांना किनाऱ्याजवळ गाठलं तेव्हा दोघंच उरली होती: तिसरा अधिकारी जेम्स व्हाइट आणि मार्गारेट गॉर्डन. व्हाइट बरा होऊन दुसऱ्या जहाजाने घरी निघाला. ते ‘सिटी ऑफ प्रिटोरिया’ मार्च १९४३ मध्ये टॉर्पेडोने बुडालं आणि त्यातलं कोणीच वाचलं नाही.

सगळे मिळून मृत १०४. त्यातले ७९ जहाजाच्या नोकरवर्गातले.

१२. अटलांटिसच्या लोकांना ओढत नेलं, मग इथे मदत का केली नाही?

याचं उत्तर जवळपास दोन महिने मागे आहे, ‘लॅकोनिया’ प्रकरणात.

१२ सप्टेंबर १९४२ ला वेर्नर हार्टेनस्टाइनच्या यू-१५६ ने ‘लॅकोनिया’ हे ब्रिटिश जहाज बुडवलं. ही बोटसुद्धा आइसबेअर गटातलीच. जहाजावर सुमारे २,७०० माणसं होती आणि त्यातले १,८०० च्या आसपास इटालियन युद्धकैदी, म्हणजे जर्मनीच्या मित्रदेशाचे सैनिक. पाण्यातून इटालियन हाका ऐकू आल्या तेव्हा हार्टेनस्टाइन हादरला. त्याने शत्रू-मित्र न बघता माणसं उचलायला सुरुवात केली आणि उघड इंग्रजीत रेडिओवरून जाहीर केलं, की मदतीला येणाऱ्या जहाजावर मी हल्ला करणार नाही, माझ्यावर हल्ला झाला नाही तर. आणखी दोन जर्मन आणि एक इटालियन पाणबुडी मदतीला आल्या. चौथ्या दिवशी असेन्शन बेटावरचं अमेरिकन लिबरेटर बॉम्बफेकी विमान आलं. पाणबुडीच्या डेकवर रेड क्रॉसचा मोठा झेंडा पसरलेला, मागे होड्या बांधलेल्या, डेकवर माणसं. विमानाने तळाला विचारलं, उत्तर आलं ‘बुडवा’. बॉम्ब पडले, होड्यांतली माणसं मेली. हार्टेनस्टाइनने दोर कापले, सगळ्यांना पाण्यात उतरवलं आणि बुडी मारली.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डॉनिट्झ याने हुकूम काढला: बुडालेल्या जहाजांच्या लोकांना वाचवायचा कुठलाही प्रयत्न करायचा नाही. ना उचलणं, ना होड्या सरळ करणं, ना पाणी-अन्न देणं. ‘कठोर व्हा.’ मेर्टेन ६ नोव्हेंबरला त्याच हुकमाखाली होता. बारकाईने बघितलं तर वाट सांगणं आणि माफी मागणं एवढ्याने हुकूम मोडत नव्हता.

दुसरंही कारण आहे, हुकमाइतकंच खरं: पन्नास माणसांच्या नळकांड्यात आणखी तीनशे मावत नाहीत. पण ‘मावत नाहीत’ हे अटलांटिसच्या वेळीही खरं होतं. तेव्हा दोर बांधून ओढलं होतं.

१३. म्हणजे तो युद्धगुन्हेगार ठरतो का?

कायद्याने नाही. मेर्टेनवर एक खटला झाला, पण तो सिटी ऑफ कैरोचा नव्हता. जून १९४२ मध्ये कॅरिबियन समुद्रात त्याने ‘फ्रिमेअर’ हे फ्रेंच तेलवाहू जहाज बुडवलं होतं, त्यातलं कोणीच वाचलं नाही. त्यावरून युद्धानंतर फ्रेंचांनी त्याला अटक केली. तो निर्दोष सुटला.

‘लॅकोनिया’चा हुकूम न्यूरेंबर्गच्या खटल्यात (युद्धानंतर नाझी नेत्यांवर चालला तो) डॉनिट्झविरुद्ध आला. न्यायालयाने त्या हुकमावर कडक ताशेरे ओढले. पण पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याबद्दल त्याची शिक्षा वाढवली नाही, कारण पॅसिफिकमध्ये अमेरिकन पाणबुड्याही विनासूचना जहाजं बुडवत होत्या आणि तसं खुद्द अमेरिकन ॲडमिरल निमिट्झने लिहून दिलं होतं. दहा वर्षांची कैद झाली ती इतर आरोपांवर.

पाणबुडी कमांडरांपैकी फाशीसारखी टोकाची शिक्षा एकालाच झाली. यू-८५२ चा कमांडर हाइन्झ-विल्हेल्म एक (‘एक’ हे त्याचं आडनाव) याने ‘पेलेउस’ या ग्रीक जहाजाच्या बुडणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. ३० नोव्हेंबर १९४५ ला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मेर्टेनला या हाइन्झ-विल्हेल्मच्या रांगेत बसवणं चूक आहे.

१४. मेर्टेन नाझी होता का?

‘पक्षाचा सभासद होता का’ असं विचारायचं असेल, तर त्या प्रश्नातून फारसं निघत नाही. सेवेतल्या जर्मन सैनिकांना जवळजवळ युद्धभर कायद्यानेच पक्षात राहता येत नव्हतं. तो त्या राजवटीसाठी लढला, तिचं ‘नाइट्स क्रॉस’ हे शौर्यपदक त्याने जून १९४२ मध्ये घेतलं आणि त्याच्या वरचा दर्जा, म्हणजे ओकची पानं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सिटी ऑफ कैरो बुडवल्यावर दहाच दिवसांनी. होड्या तेव्हा समुद्रात भरकटत होत्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९४३ नंतर तो बाल्टिक किनाऱ्यावर पाणबुड्यांच्या प्रशिक्षण ताफ्यांचा प्रमुख होता. १९४४ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा मेमेल (आजचं लिथुएनियातलं क्लायपेडा) बंदरातून सुमारे ५०,००० नागरिकांना त्याने समुद्रमार्गे बाहेर काढलं. नाझी पक्षाचा तिथला सर्वेसर्वा एरिश कोख याला ते मान्य नव्हतं.

१५. यू-६८ चं शेवटी काय झालं?

मेर्टेन उतरला, बोट फिरत राहिली. १० एप्रिल १९४४ ला मदेराजवळ ‘ग्वाडलकॅनल’ या अमेरिकन विमानवाहू नौकेच्या विमानांनी ती बुडवली. ५६ जण मेले, एक वाचला. लॅकोनियावाला हार्टेनस्टाइन ८ मार्च १९४३ ला बार्बाडोसच्या पूर्वेला सगळ्या माणसांसकट गेला. जर्मन पाणबुडी दलात सुमारे ४०,००० माणसं होती, त्यातली ३०,००० च्या आसपास परत आली नाहीत.

१६. चांदीच्या रुपयांचं काय? ते भारताला मिळायला नकोत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त तावातावाने येतो.

रुपये खरेखुरे होते, जवळपास शंभर टन. युद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा सरकारने १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि जुने, भरघोस चांदीचे कलदार चलनातून काढून घेतले. जहाजावरचा माल ब्रिटिश सरकारच्या खजिन्याचा होता. २०११ मध्ये ‘डीप ओशन सर्च’ या कंपनीने ब्रिटिश सरकारशी करार करून शोध सुरू केला. जहाज ५,१५० मीटर खोल, दोन तुकडे होऊन चिखलात रुतलेलं सापडलं. टायटॅनिकपेक्षा हे सव्वा किलोमीटरहून जास्त खोल. २०१३ पर्यंत कित्येक टन नाणी वर काढली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये बातमी बाहेर आली. किंमत ३.४ कोटी पौंडांच्या आसपास सांगितली गेली. बहुतेक नाणी वितळवून विकली. आलेले पैसे कंपनी आणि ब्रिटिश खजिना यांनी वाटून घेतले.

कागदावर मालकी ब्रिटिश सरकारची होती, त्यामुळे कायद्याने वाद उरत नाही. पण हे कलदार कोणाच्या बटव्यातून, कोणत्या शेतसाऱ्यातून जमा झाले होते, असं विचारणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

१७. मेर्टेनची वाचलेल्या लोकांशी पुन्हा भेट झाली का?

झाली. म्हातारपणी तो काही जणांना भेटला आणि भेटी कडवट झाल्या नाहीत असं दिसतं. त्याने आठवणीही लिहून ठेवल्या. भेटलेले लोक इंग्लंडमधले होते. भारतीय खलाशांपैकी कोणाला बोलावलं गेल्याचं माझ्या वाचनात नाही.

१८. जहाजावरचे भारतीय खलाशी कोण होते? आमच्या घरातलं कोणी असेल तर कसं शोधायचं?

इंग्रजी वृत्तांतांत ते एका शब्दात येतात: ‘लस्कर’. ब्रिटिश कंपन्या मुंबईत माणसं भरत, तेव्हा डेकवर सारंग आणि टंडेल या मुकादमांच्या हाताखाली कोकणातले खलाशी, जेवणघरात आणि केबिनमध्ये गोव्याचे बटलर आणि स्वयंपाकी, अशी सर्वसाधारण रचना असे. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी. टॉर्पेडोला हा फरक कळत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून जास्त भारतीय व्यापारी खलाशी मारले गेले.

त्यांची नावं एका नोंदवहीत आहेत. तिच्या दोन सारख्या प्रती केल्या, एक मुंबईत मशीद बंदर भागातल्या खलाशी निवासात आणि दुसरी चितगावात. कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्या यादीतही ही नावं शोधता येतात. शोधताना स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. इब्राहिमचा एब्राम होतो, आडनाव बहुधा नसतंच आणि गावाचं नाव इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. आधी घरात विचारा. जुन्या ट्रंकेत खलाशी-पुस्तक असेल तर त्यावर जहाजाचं नाव असतं. जहाज कळलं की बुडाल्याची तारीख कळते, आणि तारखेवरून कोणत्या पाणबुडीने, कोणत्या कप्तानाने बुडवलं हे दहा मिनिटांत सापडतं. त्या कप्तानाचा फोटोही मिळतो, जन्मतारखेसकट.